कोल्हापूरच्या दुकानदारांना खुलं पत्र : पैसे गल्ल्यात पडल्यावरही गिऱ्हाईक तुमचंच असतं

प्रति,
महाद्वार रोड, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, गुजरी, चप्पल लाईन आणि पेठापेठांतल्या गल्लीबोळांतले सर्व दुकानदार, तसंच त्यांच्या व्यापारी संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मंगळवार पेठेत राहणारी, घरचा बाजार स्वतः करणारी बाई आहे. किराणा, भांडी, कापडचोपड, मुलांच्या वह्या-पुस्तकांपासून लेकीच्या लग्नाच्या बस्त्यापर्यंत जे काही घेतलं ते याच गावात, तुमच्यापैकीच कुणाच्या ना कुणाच्या दुकानात घेतलं. त्या नात्यानं हे पत्र लिहिते आहे.

गेली काही वर्षं कुठल्याही दुकानात गेलं की एक वाक्य कानावर पडतं, "ऑनलाईननं वाटोळं केलं बघा, वहिनी." ते दुखणं मला कळतं. सणाच्या तोंडावर तुमच्या दुकानात पंखा फिरत असतो आणि माणूस नसतो, आणि आमच्या गल्लीत मात्र पाठीवर भली मोठी बॅग घेतलेली पोरं दिवसभर पत्ते विचारत फिरतात. त्या खोक्यांतला पैसा इथल्या गल्ल्यात पडला असता तर इथल्याच कुणाच्या तरी पोराची फी भरली गेली असती. म्हणून मी शेजारपाजारच्या लेकी-सुनांना विचारायला लागले, की बायांनो, पाच मिनिटांवर बाजार असताना तुम्ही हे का मागवता? मला वाटलं होतं, स्वस्त मिळतं म्हणतील. काहीजणी म्हणाल्याही. पण एकीनं जे सांगितलं ते माझ्या मनातून जात नाही. ती म्हणाली, "काकी, तिथं वस्तू परत द्यायला कुणाचं तोंड बघावं लागत नाही."

दुकानदार बंधू-भगिनींनो, हे वाक्य तुम्ही नीट ऐकावं म्हणून हा सगळा खटाटोप आहे. ओळखीचं तोंड हीच तर तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू. कुठल्याही कंपनीला कितीही पैसा ओतून ती मिळवता येणार नाही. आणि आमच्या पोरी तेच तोंड चुकवायला बघतात, याचा अर्थ कुठंतरी फार बिनसलं आहे.

कुठं बिनसलं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पैसे देण्याआधी तुमच्याइतकं अगत्य कुठल्या गावात नसेल. "या, बसा की वहिनी. चहा सांगू का थंड?" पोराला हाक मारून पंखा आमच्याकडे वळवायला लावता. गादीवर साड्यांचा ढीग पडला तरी कपाळावर आठी नाही. "घेऊ नका हो, नुसतं बघा, घरचं दुकान आहे." हे सगळं मनापासून असतं, यात मला शंका नाही. पण तीच बाई आठ दिवसांनी तीच पिशवी घेऊन पायरी चढते, साडीचा रंग उतरलाय, चेन उसवलीय, मिक्सर सुरूच होत नाही, तेव्हा मोबाईलमधलं डोकं वर होत नाही. बस म्हणायला कुणी नसतं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर तिला हळू बोलायला सांगतात. आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट जातं : एकदा विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही.

ती पाटी आणि बिलबुकाच्या तळाशी छापलेली तीच ओळ, दोन्हींविषयी स्पष्ट लिहिते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं हे त्यात सांगितलं आहे. विकलेल्या वस्तूची पावती न देणं ही त्यातली एक. सदोष वस्तू परत घ्यायला आणि तिचे पैसे द्यायला नकार देणं ही दुसरी. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवसांत परत घ्यावी, असं तो कायदा म्हणतो. म्हणजे त्या पाटीमुळे तुमची जबाबदारी टळत नाही. बिलबुकं छापणाऱ्याकडे तो मजकूर तयारच असतो, वडिलांच्या काळापासून चालत आलेला, आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी तो कधी मुद्दाम ठरवून घातलेलाही नाही, असं मला वाटतं. पण काउंटरवरचं पोरगं तो वेदवाक्यासारखा वाचून दाखवतं आणि समोरची बाई गप्प होते.

इथं एक फरक मी मानते. वस्तूत दोष असणं वेगळं आणि घरी गेल्यावर रंग मनातून उतरणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत कायदा तुमच्यावर काही लादत नाही. तिथं बदलून देणं हा तुमचा चांगुलपणा, आणि आम्ही तो चांगुलपणा म्हणूनच मागावा. पण पहिल्या बाबतीत आम्ही उपकार मागायला येत नाही, हे तुम्ही मानलं पाहिजे.

कायद्याची भीती घालायला मी हे लिहीत नाही. खरं तर तुमच्या विरोधात जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी चढणारी माणसं फार थोडी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला तरी तक्रार नोंदवता येते, हे कित्येकांना माहीतही नसतं. ज्यांना माहीत आहे त्यांनाही शे-पाचशेच्या वस्तूसाठी गावात वैर नको असतं. ती माणसं फक्त तुमच्याकडे यायची थांबतात. कोल्हापूरचं गिऱ्हाईक भांडून गेलं तर चार दिवसांनी परत येतं. गप्प निघून गेलं तर येत नाही, आणि ते का गेलं हे तुम्हाला कधी कळत नाही.

मध्यंतरी माझ्या नणंदेनं कुकर घेतला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. पंधरा दिवसांत झाकणातून वाफ जायला लागली. आम्ही दोघी कुकर घेऊन गेलो. मालक म्हणाले, "आमचा काय संबंध? कंपनीला फोन करा." कंपनीचा नंबर लागला तो कुठल्या तरी दूरच्या शहरात, समोरून हिंदीत एक दाबा, दोन दाबा. माझी नणंद सातवी शिकलेली. तिनं कंपनी कधी पाहिली नाही. तिनं पाहिलं ते त्या दुकानदारांचं तोंड, आणि त्यांनी "डोळे झाकून न्या" म्हटलं म्हणून तिनं कुकर नेला. शब्द दिला त्यांनी, मग फोन तिनं का करावा? त्याच दुकानातल्या फोनवरून मालकांनी वितरकाला एक फोन लावला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. वितरक तुम्हालाही दाद देत नाहीत, मुदत संपलेला माल परत घेत नाहीत, स्कीमचे पैसे अडकवून ठेवतात, हे मी ऐकून आहे आणि त्यात तुमच्यावर अन्याय होतो हे मला मान्य आहे. पण वितरकानं तुमचं केलं तेच तुम्ही आमचं केलंत, तर सगळा भार शेवटी सातवी शिकलेल्या बाईवर येऊन पडतो. तिच्यापुढे आणखी कुणी नाही.

बिलाचंही तसंच. "पक्कं बिल पाहिजे असेल तर जीएसटी वर पडेल," हे वाक्य लक्ष्मीपुरीपासून राजारामपुरीपर्यंत मी ऐकलं आहे. ज्या वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते तिच्यात सगळे कर धरलेलेच असतात. त्या छापील किमतीच्या वर कर मागणं चूक आहे. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे जीएसटी विक्रीवर ठोक दरानं भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यानं तर गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचाच नसतो. आणि ज्याची वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत आहे, फक्त मालाचा धंदा आहे आणि जीएसटी नोंदणी नाही, त्यालाही दुकानाचं नाव, तारीख, वस्तू आणि रक्कम एवढं साध्या कागदावर लिहून द्यायला काहीच आडकाठी नाही. आम्ही बिल मागतो तेव्हा तुमचा हिशेब तपासायला मागत नाही. उद्या वस्तू बिघडली तर ती तुमच्याकडूनच घेतली हे सांगायला आमच्याकडे दुसरं काही नसतं.

एक लहान गोष्ट, पण आमच्या मुलींना तिचा फार त्रास होतो. बिल करताना मोबाईल नंबर मागितला जातो आणि दुकान भरलेलं असताना तो मोठ्यानं सांगायला लावतात, वर काउंटरवरचं पोरगं तो पुन्हा म्हणून दाखवतं. नंबर दिला नाही तर "सिस्टीम बिल करत नाही" म्हणतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२३ मध्येच विक्रेत्यांना कळवलं आहे की नंबरसाठी अडवणूक करू नये. ज्या घरातल्या मुलीला असा नंबर दिल्यावर नको ते मेसेज आले असतील, त्या घराला विचारा, ते पुन्हा त्या दुकानात का जात नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ती सांगते.

लग्नसराईत राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडीकडून माणसं जीप भरून बस्ता बांधायला कोल्हापुरात येतात. पहाटे भाकऱ्या बांधून निघालेली. नऊवारी नेसलेली आजी, मळकं धोतर नेसलेले आबा, पोरीबाळी. एका दुकानात माझ्या शेजारीच असं एक घर बसलं होतं. आजींनी वरच्या फळीवरच्या पैठणीकडे बोट केलं. विकणारा मुलगा म्हणाला, "आजी, ती महाग हाय. तुमास्नी हिकडची दावतो." मुलाचा हेतू वाईट नसेलही. पण आजींनी हात मागं घेतला आणि नंतर सगळा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. सुनेनं, लेकानं जे पसंत केलं त्याला मान डोलावत राहिल्या. त्या घरात कदाचित नुकतंच उसाचं बिल जमा झालं असेल, आणि झालं नसलं तरी साडी नुसती डोळ्यांनी बघायला कुणाच्या खिशाची परीक्षा का घ्यावी? नातीच्या लग्नाचा बस्ता हा त्या म्हातारीच्या आयुष्यातला केवढा मोठा दिवस असेल!

हे कोल्हापूर आहे म्हणून मला ते जास्त लागलं. पागेत चाकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल याच गावात मार खावा लागला होता. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिलं. भाऊसिंगजी रोडवर त्यांचं 'सत्यसुधारक' हॉटेल निघालं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गाव येईना, तेव्हा महाराज आपली गाडी तिथं थांबवून चहा मागवत आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावत. हा प्रसंग आपण भाषणांत पुष्कळदा ऐकतो. पण त्यात छत्रपती काय म्हणून उभे होते ते बघा. गिऱ्हाईक म्हणून. एका गिऱ्हाइकानं एका दुकानदाराला माणूस म्हणून मान दिला आणि त्यातून धंदा उभा राहिला. याच महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाचा व्यापार इथं नांदावा म्हणून बाहेरच्या व्यापाऱ्यांना बोलावून घेतलं. कोल्हापूरच्या बाजारपेठेच्या पायात हा मान आहे. तिथं काउंटरमागचा माणूस समोरच्याचं धोतर बघून उठायचं की बसून राहायचं हे ठरवतो, हे मला सोसत नाही.

तसंच सकाळच्या भवानीचं. पहिलं गिऱ्हाईक काही न घेता गेलं की पाठीमागून पुटपुटणं ऐकू येतं. दर जास्त वाटला, मापात बसलं नाही, पैसे कमी पडले, काहीही कारण असेल. न घेता जाण्याचा अधिकार त्याला आहे. त्याला हसून "पुन्हा या" म्हणणारा दुकानदार मला आजवर तोट्यात गेलेला दिसला नाही.

चप्पल लाईनच्या मंडळींशी थोडं वेगळं बोलायचं आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन कंपनीनं आपल्यासारखी पायताणं दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. सगळं गाव पेटून उठलं, आणि ते बरोबरच होतं. शेवटी कंपनीला मान्य करावं लागलं, माणसं इथं पाठवून कारागिरांना भेटावं लागलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीनं घातलेली शिवण, हातानं पाडलेली वेणी, यासाठी ते मानांकन आहे.

मग अंबाबाईच्या दर्शनाला आलेला नागपूरचा नाहीतर हैदराबादचा पाहुणा तुमच्या दुकानात उभा राहून "असली आहे ना?" असं विचारतो, तेव्हा रेक्झिनचा पट्टा आणि आत पुठ्ठा घातलेल्या जोडाला "शंभर टक्के" म्हणून कसं चालेल? पहिल्या पावसात तो तळ फुगतो. पाहुणा काही परत येऊन भांडत नाही, पण आपल्या गावी जाऊन सांगतो की कोल्हापुरी टिकत नाही. त्याचं नुकसान सुभाषनगर, जवाहरनगरात दिवसभर वाकून चामडं कापणाऱ्या कारागिराला भोगावं लागतं, ज्याचा त्या जोडाशी काडीचाही संबंध नसतो. स्वस्त जोड विकू नका असं मी म्हणत नाही. ज्याला परवडत नाही त्यालाही चप्पल हवीच. वेगळ्या फळीवर ठेवा आणि हे यंत्राचं आहे, हे रेक्झिनचं आहे, असं सांगा. आणि खऱ्या जोडाबरोबर तो कुणाच्या हातचा आहे ते एका चिठ्ठीवर लिहून द्या. परक्या कंपनीकडून जे नाव आपण मागून घेतलं, ते आपल्याच दुकानातून आधी मिळायला हवं.

गुजरीतल्या सराफांविषयी दोनच ओळी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर अक्षरं आणि आकडे मिळून सहा चिन्हांची एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याची स्वतंत्र ओळखखूण, सक्तीची आहे आणि बीआयएस केअर ॲपवर ती तपासता येते. गिऱ्हाईक विचारेपर्यंत थांबू नका, स्वतःहून भिंग हातात देऊन दाखवा. आणि दागिना पुढं कधी मोडायला आणला तर घट किती धरणार, मजुरीतलं काय बुडणार, हे विक्रीच्या दिवशीच बिलावर लिहा. अडीअडचणीत मंगळसूत्र मोडायला आलेल्या बाईला तो आकडा पहिल्यांदा ऐकायला लागू नये.

हे सगळं मी हक्कानं मागते, कारण हे तुम्हाला येतं. ते मी डोळ्यांनी बघत आले आहे. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार समोर काढतात, पेला समोर भरतात. पाणी घातलंय का, हा प्रश्नच कुणाच्या मनात येत नाही, कारण लपवण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. मिसळीच्या हॉटेलात "कट वाढा" म्हटलं की वाटी भरून येते आणि तिचे पैसे कुणी लावत नाही. ताटातला तांबडा-पांढरा संपायच्या आत वाढपी पुन्हा उभा असतो. समोरच्याला कमी पडू नये ही काळजी या मातीतल्या धंद्यात आहे. ती खानावळीत आहे तर कापड दुकानात, भांड्यांच्या दुकानात का नसावी?

आणि २०१९ चा ऑगस्ट तर आपण कुणीच विसरणार नाही. पंचगंगेचं पाणी शहरात घुसलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, दूध नाही, पेट्रोल नाही, भाजी नाही. आमच्या पेठेतल्या किराणा दुकानदारांनी त्या दिवसांत मेणबत्तीचा दरसुद्धा वाढवला नाही. प्रत्येक घराला थोडं थोडं मिळावं म्हणून साखर मोजून दिली आणि ज्याच्याकडे रोख नव्हती त्याचं वहीत लिहून घेतलं. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतल्या कितीतरी दुकानदारांचा मालच पाण्यात गेला. पाणी ओसरल्यावर त्यांच्या दुकानांतला चिखल काढायला नेहमीची गिऱ्हाइकंही खराटे घेऊन गेली होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. कुठल्या ॲपवाल्यानं वहीत लिहून घेऊन साखर दिली असती? उसाचं बिल येईपर्यंत सहा-सहा महिने थांबणारा दुकानदार आणि बिल आल्या दिवशी आधी त्याची उधारी भागवणारा शेतकरी, हे नातं अजूनही या जिल्ह्यात जिवंत आहे. एवढी मोठी ठेव तुमच्याकडे असताना तुम्ही ती एका उसवलेल्या चेनपायी घालवता, याचं दुःख होतं.

तुमच्याकडे काम करणाऱ्या मुला-मुलींविषयीही बोललं पाहिजे. आमच्याशी उद्धट बोलतात ती बऱ्याचदा तीच असतात, आणि मी त्यांना दोष द्यायला तयार नाही. सकाळी दहाला उभी राहिलेली मुलगी रात्री नऊपर्यंत उभीच असते. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा काही दुकानांत नियमच आहे. पाय सुजलेल्या पोरीनं चाळिसावी साडी हसून उलगडावी, ही अपेक्षा कशाच्या जोरावर? केरळनं आणि नंतर २०२१ मध्ये तमिळनाडूनं दुकानांत कामगारांना बसायला जागा देणं कायद्यानं बंधनकारक केलं. आपण कायद्याची वाट कशाला बघायची? काउंटरमागं एक स्टूल ठेवा. आणि माल बदलून द्यायचा अधिकार ठरावीक रकमेपर्यंत त्या मुलीलाच द्या. मालक बाहेर गेलेत म्हणून माणसाला तीन हेलपाटे पडतात, आणि शिव्या मात्र तिला खाव्या लागतात.

गिऱ्हाइकांची बाजूही धुतलेली नाही. लग्नात नेसून, अत्तराचा वास लागलेली साडी "आवडली नाही" म्हणून परत आणणाऱ्या आमच्यात आहेत. मॉलमध्ये छापील दर निमूट देऊन कपिलतीर्थच्या भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आहेत. दुकानात येऊन वस्तू हाताळायची, माप बघायचं, फोटो काढायचा आणि घरी जाऊन मागवायची, हे तर सर्रास चाललं आहे. उधारी थकवून रस्ता बदलणारेही आहेतच. त्यांना आमच्या बाजूनं सांगायचं काम आम्ही करू. भिशीत, हळदीकुंकवात, तालमीच्या कट्ट्यावर हा विषय काढायला मी तयार आहे, काढतेही आहे.

तुमच्याकडून मागणं एवढंच, की येत्या दसऱ्याच्या आत तुमच्या संघटनांच्या बैठकीत हा विषय घ्या. एका रस्त्यापुरतं ठरवलं तरी चालेल, महाद्वार रोड घ्या नाहीतर राजारामपुरीची मुख्य पेठ. त्या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांतली जुनी पाटी उतरवा आणि त्या जागी बिल असेल तर किती दिवसांत बदलून मिळेल आणि सदोष असेल तर पैसे परत मिळतील, हे मराठीत ठळक लिहा. न नेसलेल्या, लेबल असलेल्या मालापुरती अट घाला, आम्ही ती पाळू. तक्रार कुणाकडे करायची त्या संघटनेच्या माणसाचं नाव पाटीवर असू द्या, म्हणजे भांडण दुकानातच मिटेल. दिवाळीचा हंगाम संपला की किती माल परत आला, किती तोटा झाला, ते आम्हाला खुलेपणानं सांगा. फार तोटा झाला असेल तर अटी बदलू.

या बैठकीला गिऱ्हाइकांच्या वतीनं आमच्या पेठेतल्या चार-पाच बायका यायला तयार आहेत. त्यांतली एक शिवणकाम करते, एकीचं स्वतःचं पापड-लोणच्यांचं छोटं दुकान आहे, त्यामुळे तुमची बाजूही त्यांना कळते. दुपारी दोन ते चार ही वेळ आम्हाला सोयीची आहे. ठिकाण आणि दिवस तुम्ही ठरवा.

आपली,
मंगळवार पेठेतली एक नेहमीची गिऱ्हाईक